दंडाच्या वहीतली नावे

गेल्या दिवाळीच्या आधी सोसायटीच्या ऑफिसातले लोखंडी कपाट आवरायला घेतले. बारा वर्षे सेक्रेटरीपद सांभाळून झाले होते. आता तरुण मंडळींच्या हाती कारभार द्यायचा, तर निदान कागदपत्रे तरी नीट लावून द्यावीत, एवढाच हेतू. पाण्याच्या टाकीची बिले, लिफ्टच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार, जुन्या सभांची इतिवृत्ते असे एकेक बाजूला काढत असताना निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशेपानी वही हाताला लागली. वर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘दंड. करोना, २०२०.’

आवरायचे बाजूला राहिले आणि मी खुर्ची ओढून ती वही चाळत बसलो. ते दिवस आता किती दूरचे वाटतात! डोंबिवलीतली आमची चार मजली, दोन विंगांची सोसायटी. त्या उन्हाळ्यात आम्ही कमिटीवाल्यांनी सरकारी नियमांच्या वर आमचे स्वतःचे नियम केले होते. मास्क न लावता जिना उतरला तर दंड, गच्चीवर घोळका केला तर दंड, लिफ्टमध्ये दोनांपेक्षा जास्त शिरले तर दंड, रात्री विनाकारण फाटकाबाहेर दिसला तर दंड. वॉचमन नाव सांगायचा, मी वहीत लिहायचो. बँकेत उभी हयात गेल्यामुळे तारीख, वार, वेळ आणि कारण, सगळे कॉलम अगदी चोख आखलेले.

पाच-सहा पाने उलटली तेव्हा लक्षात आले, की वहीत सगळे पुरुषच आहेत. बी विंगचे निवृत्त मामलेदार : गच्चीवर पत्ते. तळमजल्यावरचे क्लासवाले सर : मास्क हनुवटीला. दुसऱ्या मजल्यावरचे काका : रात्री साडेनऊला पानाच्या शोधात. त्यांचा कॉलेजातला नातू : मोटारसायकलवरून ‘जरा चक्कर’. मग मी बायकांची नावेच शोधू लागलो. सबंध वहीत ती दोन निघाली. त्यातली एक डॉक्टरांकडून रात्री उशिरा परतलेली होती आणि तिचा दंड आम्ही नंतर माफ केला होता.

घरी येऊन हे सौ.ला सांगितले. ती फराळाच्या भाजणीत गढलेली. मान वर न करता म्हणाली, “बायका काही मुळातच शहाण्या असतात असं नाही हो. पण घरात कुणी तापानं फणफणलं तर रात्री उठून पट्ट्या कुणी ठेवायच्या, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “आणि काय हो, त्या वहीत तुमचं नाव नाही ना कुठे?”

मी काही बोललो नाही. त्या प्रश्नाकडे पुढे यायचेच आहे.

आठ देशांची साक्ष

एका सोसायटीच्या वहीवरून जगाविषयी बोलू नये, हे मलाही कळते. पण हाच प्रश्न करोनाच्या अगदी सुरुवातीला अभ्यासकांनीही विचारला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, इटली, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या आठ देशांत २०२० च्या मार्च आणि एप्रिल अशा दोन महिन्यांत एक मोठी पाहणी झाली. एकूण २१,६४९ जणांची उत्तरे तीत जमा झाली आणि त्याच वर्षी ती अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

मार्चमध्ये ‘हा आरोग्याचा अतिशय गंभीर प्रश्न आहे’ असे म्हणणाऱ्या स्त्रिया ५९ टक्के होत्या, तर पुरुष ४८.७ टक्के. शाळा, दुकाने, सरहद्दी बंद करणे, घरातच राहणे अशा सरकारी निर्बंधांना पाठिंबा देण्यातही स्त्रिया पुढे : सरासरी ५४.१ विरुद्ध ४७.७ टक्के. आणि नियम प्रत्यक्ष पाळण्याचा जो निर्देशांक काढला, त्यात स्त्रियांचे गुण ८८.१ आणि पुरुषांचे ८३.२. एप्रिलमध्ये दोघांचाही उत्साह ओसरला. पण अंतर राहिलेच : ७७.६ आणि ७१.८. 

कुणी म्हणेल, बायका फक्त ‘चांगले’ उत्तर देत असतील. अभ्यासकांनाही ती शंका आली. म्हणून त्यांनी प्रश्न अशा आडवळणाने विचारून पाहिले, की उत्तर देणाऱ्याला स्वतःची चूक थेट कबूल करावी लागू नये. तरीही फरक पुसला गेला नाही. एक गोष्ट मात्र मला विशेष वाटली. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोंमध्ये हे अंतर कमी होते. म्हणजे एका छपराखाली राहून दोघे एकमेकांना काही ना काही शिकवत असावेत. कोण कुणाला शिकवतो, हे वाचकांना सांगायला नको.

आपला देश त्या आठांत नव्हता. पण आपल्याकडची दृश्ये आठवून पाहा. ४ मे २०२० रोजी दारूची दुकाने उघडली तेव्हा लागलेल्या त्या रांगा. नाक्यानाक्यांवर पोलिसांनी उठाबशा काढायला लावलेले ते वीर. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या त्या छायाचित्रांत बायका शोधाव्या लागत.

भीती कुणाची, कुणासाठी?

हा फरक का पडावा? पहिले उत्तर सुचते ते भीतीचे. बायका भित्र्या, म्हणून नियम पाळतात, असे आमच्या गच्चीवरच्या पत्त्यांच्या मंडळात सर्रास बोलले जायचे. पण हे उत्तर टिकत नाही. कारण हा विषाणू पुरुषांनाच जास्त छळत होता. बाधा झाल्यावर दगावण्याचा धोका पुरुषांना अधिक, हे अनेक देशांतून सुरुवातीपासूनच कळत होते. म्हणजे ज्याला भ्यायला हवे होते तो गच्चीवर पत्ते पिसत होता आणि जिला धोका कमी ती दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालत होती.

भीती स्वतःच्या जिवाची नव्हतीच मुळी. ती घराची होती. २०१९ साली देशभर ‘वेळेचा वापर’ या विषयावर सरकारी पाहणी झाली होती. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसातली २९९ मिनिटे त्यात जातात, आणि जो पुरुष घरकाम करतो त्याची ९७. शिवाय पाहणीच्या दिवशी घरकामाला अजिबात हात न लावणारे पुरुष शंभरात सत्तरांहून अधिक! आजारपण ज्या घरात शिरते तिथली पथ्याची पेज, वेगळी भांडी, औषधांच्या वेळा ही सारी बेरीज या २९९ मध्येच व्हायची असते. सौ.ने भाजणी भाजता भाजता जे एका वाक्यात सांगितले, ते समजायला मला सरकारी आकडे लागले.

दुसरे कारण जरा अवघड आहे, पण सांगायला हवे. ते आहे पुरुषी तोऱ्याचे. अमेरिकेत २०२० साली झालेल्या एका पाहणीत पुरुषांनी बायकांपेक्षा जास्त प्रमाणात कबूल केले, की तोंड झाकायची लाज वाटते, ते दुबळेपणाचे लक्षण वाटते. आणि गंमत अशी, की जिथे मास्कची सक्ती होती तिथे हा स्त्री-पुरुषांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे आम्हा पुरुषांना पटवून सांगण्याचा उपयोग कमी आणि दंडाच्या वहीचा जास्त. सक्ती आली की सोय होते. ‘मी घाबरत नाही हो, पण कायदाच आहे ना,’ असे म्हणत मास्क चढवता येतो.

बायकांना तो प्रश्न पडला नाही. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली करोनाच्या कितीतरी आधीपासून डोळे सोडून सारा चेहरा स्कार्फने बांधून फिरत होत्या. धुळीसाठी, उन्हासाठी, आणि लोकांच्या नजरांसाठीही.

पाळणे म्हणजे पटणे नव्हे

इथवर लिहून मी हा मजकूर मुलीला फोनवरून वाचून दाखवला. ती बंगळूरला नोकरी करते. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “बाबा, सातनंतर बाहेर जायचं नाही, कुठे जाणार ते सांगून जायचं, घोळक्यात उभं राहायचं नाही, हे नियम तुम्हाला पहिल्यांदा दोन हजार वीसमध्ये लागू झाले. मला दहावीपासून होते. तुम्हीच केले होते. म्हणून मला ते पाळायला जड गेलं नाही, एवढंच. ते मला आवडले होते असं कुठे लिहू नका.”

तिचे बोलणे मनाला लागले, कारण ते खरे होते. ज्यांच्या पायाला आधीपासून दोर बांधलेला असतो त्यांना संचारबंदी फार नवी वाटत नाही. बाहेरचे जग बंद झाले तेव्हा पुरुषाचे काही हिरावले गेले : कट्टा, टपरी, लोकलच्या डब्यातला ग्रुप. बाईच्या बाबतीत घरच भरले. सगळे चोवीस तास घरात, आणि प्रत्येकाला दर दोन तासांनी काहीतरी खायला हवे. काही घरांत तर याहून वाईट घडत होते. घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने त्याच वसंतात सांगितले होते. अशा घरातल्या बाईने नियम पाळला याचा अर्थ तिला तो सुखाचा झाला, असा काढता येणार नाही.

शिवाय ‘बायका’ म्हणजे एकच एक मत असे तरी कुठे असते? आमच्याकडे मंदाबाई अठरा वर्षे धुण्याभांड्याला येत होत्या. मार्चअखेर कमिटीने ठराव केला, की घरकामाच्या बायकांना फाटकाच्या आत घ्यायचे नाही. कमिटीत आम्ही नऊ जण. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या दोन जागांवरच्या सदस्यांच्या सह्या त्यांचे यजमान घेऊन आले. ठराव एकमताने मंजूर. माझ्यासकट हात वर करणाऱ्यांपैकी एकानेही उभ्या जन्मात भांड्यांचा ढीग घासलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई फाटकाशी आल्या. वॉचमनने अडवले. मी गॅलरीतून म्हटले, “मंदाबाई, सरकारचा नियम आहे.” त्या वर पाहून म्हणाल्या, “काका, नियम तुमचा हाय, सरकारचा न्हाई. सरकारनं पगार देऊ नका असं बी सांगितलं न्हाई.” त्यांच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत. ‘घरात अंतर ठेवा’ हा नियम त्यांनी कुठे उभे राहून पाळायचा होता? आम्ही दोन महिन्यांचा पगार दिला आणि नंतर सगळ्यांचे पाहून थांबलो. सौ. दर महिन्याला विचारायची, मी ‘पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढतो’ म्हणायचो. तो विषय कधी निघाला नाही. इतिवृत्त माझ्याच हातचे आहे, शोधून पाहिले.

तर त्या वर्षी एकाच इमारतीत निर्बंध हवेत म्हणणारी बाई होती, निर्बंधांनी पोट मारलेली बाई होती, आणि आशा कार्यकर्ती म्हणून दारोदार फिरून ताप-ऑक्सिजन मोजणारी बाईही होती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या जिन्यात ऊन-पावसात आलेली ती मुलगी मला आठवते. तिला कुणी पाणी विचारले नाही. तिने आणलेल्या विषाणूची मात्र सगळ्यांनी काळजी केली.

नियम करताना बाई डोळ्यांसमोर नसली की काय होते, याचा नमुना लोकलच्या बाबतीतही दिसला. २१ ऑक्टोबर २०२० पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्व महिलांना प्रवासाची परवानगी मिळाली. आनंदाची गोष्ट होती. पण वेळ होती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. शेजारची खाजगी कंपनीत काम करणारी मुलगी म्हणाली, “काका, माझं ऑफिस साडेनवाला सुरू होतं. अकरानंतर मी काय मंत्रालय बघायला जाऊ?”

सव्वाशे वर्षांपूर्वीचा ताप

हा सगळा प्रकार आपल्याला नवा नाही, हे मला जुने वाचताना उमगले. २०२० साली जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा. आदल्या वर्षी मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळ गोव्याचे. पुण्यात साथ पसरली आणि रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासायला सुरुवात केली. देवघरात, माजघरात, चुलीपर्यंत बूट गेले. बायकांना तपासणीसाठी उभे केले गेले. पुढचा इतिहास शाळेत शिकलेला आहे : २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात दंगल उसळली, तीसुद्धा एका तरुण स्त्रीला तपासण्यावरून.

त्या काळच्या संतापाचे केंद्र बाई होती. पण तिला स्वतःला काय वाटत होते, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेले सापडते. अब्रू घराची, राग पुरुषांचा, आणि ताप मात्र तिच्या अंगात. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात बायकांची सुरक्षितता कशी वाऱ्यावर आहे हे मांडले. उपचार नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते. उपचाराच्या जागी बाई सुरक्षित असावी, हे होते. आणि सावित्रीबाई फुले तर वादात पडल्याच नाहीत. हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

याचा अर्थ बाई नेहमी आज्ञाधारकच असते असा नाही. इन्फ्लुएंझाच्या साथीत, जानेवारी १९१९ मध्ये, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मास्कच्या सक्तीविरुद्ध चक्क ‘अँटी-मास्क लीग’ निघाली होती. तिच्या अध्यक्ष होत्या श्रीमती हॅरिंग्टन नावाच्या बाई. म्हणजे आज्ञा पाळणे हा काही रक्तातला गुण नाही. नियमाचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो आणि तो करताना कुणाला विचारले, यावर बरेच काही ठरते.

वहीत नसलेले नाव

आता सौ.च्या प्रश्नाकडे. त्या वहीत माझे नाव नाही. ते असायला हवे होते.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. पुन्हा निर्बंध आले होते, किराणा सकाळी ७ ते ११. आदल्या वर्षी वही घेऊन फिरणारा मी आता कंटाळलो होतो. एक लसही घेतली होती, त्यामुळे छाती जरा फुगलेली. स्टेशनजवळ एका मित्राच्या दुकानाचे शटर अर्धे वर करून आम्ही चार जुने सहकारी रोज संध्याकाळी तासभर बसत होतो. चहा, गप्पा, मास्क गळ्यात. सौ.ला सांगत असे, औषधे आणायला जातो. तिने दोनदा अडवले. तिसऱ्यांदा नुसते पाहिले. मी म्हटले, “तू उगाच घाबरतेस.”

चौघांतले तिघे आजारी पडलो. मला दोन दिवस ताप आला आणि उतरला. सौ.चा उतरला नाही. पाचव्या दिवशी बोटाला लावलेल्या यंत्राने ८७ दाखवले. त्या आठवड्यात खाट मिळवणे म्हणजे काय होते, ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. मुलीने बंगळूरहून रात्रभर फोन लावले, पहाटे एका कोविड केंद्रात जागा मिळाली. अकरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. ती परत आली. आमच्या चौघांतल्या एकाची पत्नी आली नाही. ती बाई वर्षभर घराबाहेर पडली नव्हती.

त्या अकरा दिवसांत मी पहिल्यांदा घर सांभाळले. भांडी घासली, डाळ करपवली, पेज कशी करतात ते मुलीला विचारले. सौ. घरी आल्यावर रात्री उठून तिला पाणी दिले. मंदाबाईंना कुठूनसे कळले. त्या फाटकाशी डबा ठेवून गेल्या. मी खाली धावलो तोवर त्या कोपऱ्यावरून वळल्याही होत्या. आजही जिना चढताना सौ. दुसऱ्या मजल्यावर थांबते. मीही थांबतो. त्या विषयावर आम्ही फारसे बोलत नाही.

‘औषधे आणायला जातो’ हे मी सहज बोलून गेलो होतो. पाहणी करणाऱ्याने तेव्हा मला विचारले असते, ‘निर्बंधांना तुमचा पाठिंबा आहे का?’ तर मी ठणकावून ‘हो’ म्हटले असते. मनातून मला नियम पटतच होते. ते दुसऱ्यांनी पाळावेत, एवढेच माझे म्हणणे होते. बायकांचा आणि आमचा फरक कदाचित मतांपेक्षा इथे जास्त असेल. आपली चूक कुणाच्या अंगावर निघणार आहे, ते त्यांना बाहेर पडण्याआधी दिसते. आम्हाला ते बोटातल्या यंत्राने आकडा दाखवल्यावर दिसले.

साथी पुन्हा येतील, असे जाणकार सांगतात. नियमही पुन्हा होतील, आणि ते असायलाच हवेत. पण ते करताना टेबलाभोवती कोण बसले आहे, हे आधी पाहावे. ज्या घरात एकच खोली आहे तिथली बाई, जिचा पगार त्या फाटकावर अवलंबून आहे ती बाई, आणि जी रात्री पट्ट्या ठेवणार आहे ती बाई, या तिघींना विचारल्याशिवाय केलेला नियम कागदावर कितीही चोख दिसला तरी अर्धाच राहतो. आमच्या सोसायटीत नव्या कमिटीची सभा आता रविवारी सकाळी दहाला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी होत नाही. ती दुपारी चारला होते. पहिल्याच सभेला चौदा बायका आल्या. सौ.ने उठून घरकामाच्या बायकांच्या २०२० मधल्या राहिलेल्या पगाराचा विषय काढला. पाच वर्षे उशीर झाला होता. काहींनी कुरकुर केली, काहींनी लगेच पाकिटात हात घातला. मंदाबाईंचे पैसे मी त्याच संध्याकाळी त्यांच्या चाळीत जाऊन दिले. त्यांनी मोजून घेतले, चहा दिला आणि विचारले, “काकू जिना चढत्यात का आता?”

कपाट आवरून झाले. वही नव्या सेक्रेटरीबाईंच्या स्वाधीन केली. देण्याआधी शेवटच्या ओळीखाली एक नोंद वाढवली : माझे नाव, एप्रिल २०२१, कारण ‘खोटे बोलून बाहेर जाणे’. दंडाचा कॉलम रिकामाच ठेवला. काय लिहावे, ते सुचले नाही.